नापास झालेल्या भावास

विनिपेग, मार्च २०१७

प्रिय सिरील,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इथला बर्फ अजून हललेला नाही. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, दुपारी ग्रोसरी, संध्याकाळी टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा, एवढाच माझा दिवस. रॉड्नीसारखा नवरा गेल्यापासून बेसमेंटमध्ये उतरलेच नाही. त्याचं सुतारकाम अर्धवट तसंच पडलंय.

परवा शेजारच्या जेनेलला तुझ्याबद्दल सांगत होते. तुमच्या अमेरिकेत निवृत्त पोलिसाला कपड्यांआड पिस्तूल बाळगता येतं, फक्त दरवर्षी नेमबाजीची परीक्षा पास व्हावी लागते, हे तिला खरंच वाटेना. तिचे वडील इथल्या पोलिसांत होते. निवृत्तीच्या दिवशी पिस्तूल परत केलं आणि मासे पकडायला गेले म्हणे. ती हसली. मला हसू आलं नाही. तू निवृत्त झालास त्याच वर्षी, तू तुरुंगात धाडलेल्या माणसाने तुला दुकानाच्या पार्किंगमध्ये सुरा घेऊन गाठलं होतं. तू पिस्तूल नुसतं बाहेर काढलंस आणि तो पळाला.

रॉड्नीच्या अंत्यविधीला तू निघालास, तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं. तरी चर्चच्या दारात उभी राहून तुझी वाट पाहत होते. फादरना म्हटलं, जरा थांबा, माझा भाऊ येतोय. मग तुझा फोन आला. सीमेवरच्या ऑफिसरने सांगितलं होतं, पिस्तूल घेऊन कॅनडात जाता येणार नाही. ते ठेवून ये, नाहीतर परत जा. तू म्हणालास, “लुसीबाय, ते जवळ नसलं की मला वाटतं, माझ्या पाठीमागे कुणीतरी आहे.” आणि गाडी वळवलीस. मी रागावले नाही. पण पहिल्या बाकावर घरचं माणूस म्हणून त्या दिवशी मी एकटीच होते.

रविवारी तुझ्या तान्याने फोन केला. सगळं इंग्लिशमध्ये सांगत होती, मध्येच रडली. डॅड या वर्षी नापास झाला. हात थरथरतो, पुन्हा संधी दिली तरी गोळ्या निशाण्याबाहेरच गेल्या. पिस्तूल बाळगायचं कार्ड मिळालं नाही. तेव्हापासून तू घराबाहेर पडलेला नाहीस, चर्चमध्ये मिस्सेलाही नाही. कुणी आलं तर पडद्याआडून बघतोस.

खरं सांगू? ऐकल्यावर आधी मला बरंच वाटलं. आता पिस्तूल नाही, म्हणजे सिरील माझ्याकडे येऊ शकेल. तुझी खोली कशी लावायची, हेसुद्धा ठरवून टाकलं. मग लक्षात आलं, जो माणूस आपल्याच अंगणात उतरत नाही, तो सीमा कसली ओलांडणार?

म्हणून मीच येते. हायवेवर नेहमी रॉड्नी चालवायचा. मी शहराबाहेर कधी गाडी नेलेली नाही. सध्या जेनेलला शेजारी बसवून सराव करते आहे. पहिल्याच दिवशी मोठा ट्रक बाजूने गेला, तेव्हा गाडी कडेला घेऊन रडले. ईस्टरनंतरच्या शनिवारी सकाळी निघेन. तुला धीर द्यायला येतेय असं समजू नकोस. या घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही, सिरील, म्हणून येतेय. तान्याला मुद्दामच कळवलेलं नाही. दुपारी बेल वाजेल. दार तुलाच उघडावं लागेल.

तुझीच,
लुसीबाय