महासागराने चिरलेला शिंपला

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. समुद्रापलीकडच्या संस्थेबरोबर जॉइंट प्रोजेक्ट ठरला. आमच्या भूगर्भ खात्यातून एकच जण त्यांच्या संशोधन जहाजावर जाणार: मी किंवा समोरच्या टेबलावरची चष्मिस. येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी दोघांनी तिकडून येणाऱ्या पाहुण्या प्रोफेसरांपुढे बोलायचं, मग आमच्या खातेप्रमुख मॅडम ठरवणार. चष्मिस हुशार आहे, पण फार शंका काढते. मी निवडल्यातच जमा.
संकल्प: साखर बंद.

४ फेब्रुवारी, बुधवार
बायकोला विषय समजावला. कणिक मळलेली होतीच. खंड दोन्ही बाजूंनी ताणलं की मधे पातळ होतं, खचतं. त्या खळग्यात आधी नदीची वाळू, मग तळ्याचा काळा चिखल साठतो. आणखी ताणलं की समुद्र आत शिरतो, आटतो, मीठ मागे ठेवतो. शेवटी खंड तुटतं आणि मधे महासागर! म्हणून समोरासमोरच्या किनाऱ्यांवर तेच थर, त्याच क्रमाने. बायको म्हणाली, समजलं, आता ओट्याखाली पडलेलं अर्धं खंड उचल.
साखर फक्त चहात.

७ फेब्रुवारी, शनिवार
सापडलं! पलीकडच्या संस्थेकडून पेटी आली. आत बोअरिंगचा कोअर, म्हणजे जमिनीतून काढलेला खडकाचा लांब दांडा, उभा चिरलेला, अर्धाच. पेटीवर शिक्का तिकडचा, म्हणजे खडक तिकडचा. गोडाऊनमधल्या आमच्या सात नंबरच्या विहिरीच्या अर्ध्या कोअरशेजारी ठेवला. वाळूला वाळू, चिखलाला चिखल, मिठाला मीठ. केसाचा फरक नाही!
चष्मिस म्हणाली, क्रम जुळेल, पण जाडीसुद्धा इतकी तंतोतंत कशी? जळते.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज तर कहर. काळ्या चिखलाच्या थरात आमच्याकडे अर्धा शिंपला, त्यांच्याकडे त्याचाच उरलेला अर्धा! महासागराने एक शिंपला मधोमध चिरला, तोही करवतीने कापावा इतका सरळ. निसर्गाची सफाई बघून डोळे भरून आले.
चष्मिस म्हणाली, पेटीतला कोअर कोणत्या विहिरीचा, ते एकदा विचार तरी. म्हणालो, आधी विचारलं तर पाहुण्यांची मजा जाईल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
नवी बॅग आणली. निळी, चाकांची. बोट लागू नये म्हणून बागेतल्या झोपाळ्यावर सराव केला. उलटी झाली. म्हणजे जहाजावर आता व्हायची नाही. सासऱ्यांना फोन करून निवड झाल्याचं सांगून टाकलं. उद्या धावपळ असणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
हॉल भरलेला. चष्मिस आधी बोलली: दोन किनारे, थरांचा क्रम तोच, पण जाडी वेगळी, पलीकडे मीठ दुप्पट, कारण तिकडची जमीन जास्त खचली. मला तिची कीव आली.
मग मी. शेवटी दोन्ही तुकडे उचलले आणि सगळ्यांसमोर जोडले. टक्कन बसले. शिंपला अख्खा! कोणी टाळी वाजवेना. पाहुण्या प्रोफेसर उठल्या आणि फार प्रेमाने म्हणाल्या की, तुमच्या सात नंबरच्या विहिरीचा अर्धा भाग आम्ही अभ्यासाला नेला होता, परत करायला फार उशीर झाला, माफ करा.
मॅडमनी कपाळाला हात लावला. मग सगळा हॉल हसायला लागला. शेवटी मलाही हसू आवरेना.
तरी दोन्ही तुकडे एकेकाळी जोडलेले होते, हे मी सिद्ध केलं. कोणी नाकारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
चष्मिस उद्या निघते. तिच्याकडे धड बॅग नव्हती, बायकोने परस्पर माझी देऊन टाकली. चष्मिस म्हणाली, येताना तुला तिकडचा दगड आणते, खात्रीचा. वाईट वाटलं, खूप. मग चहात दोन चमचे साखर घातली, जरा बरं वाटलं.
आत्ता सासऱ्यांचा फोन आला होता. बॅग भरून झाली का, विचारत होते. झाली म्हणालो. खोटं काय त्यात? चष्मिसने सकाळीच भरली.