गावाला पाठ झालेला शब्द

प्रिय पाठक मॅडम,

दिवाळीनंतर तुम्ही गेलात. तेव्हा जालन्याला तुमच्या घरी आले, फोटोला हार घातला आणि परतीच्या एसटीत बसले. लिहावं असं तेव्हा वाटलं नाही. जे बोलायचं ते तुम्ही होतात तेव्हाच बोलून झालंय, असं वाटलं होतं. आज मात्र शाळा सुटल्यावर इथंच, रिकाम्या वर्गात लिहायला बसलेय. कारण ते पुन्हा सुरू झालंय, मॅडम. आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात.

नववीतली आरती सोमवारपासून आलेली नाही. तिच्या नावाचा एक प्रेमाचा मेसेज गावात या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतोय. आज हजेरी घेताना तिचं नाव उच्चारलं आणि मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. ते हसणं मी ओळखलं. माझं नाव घेतलं की असंच हसायचे.

मी तुमच्याच खुर्चीवर बसून इंग्रजी शिकवते. तिचा तो पाय अजून डुगडुगतो. दुरुस्त करायचं दरवर्षी ठरतं.

आठवतं का तुम्हाला, शाळेला पहिला कॉम्प्युटर मिळाला होता? मुख्याध्यापकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वर टेबलक्लॉथ टाकून असा झाकून ठेवला की बघायचीसुद्धा चोरी! वीज नेमकी शाळेच्या वेळेत जायची. घनसावंगीहून जीपनं येणाऱ्या तुम्ही चार दिवस ते बघितलंत, आणि पाचव्या दिवशी फुलस्केप वह्यांचे पुठ्ठे गोळा करायला लावलेत. त्यावर आम्ही एबीसीडीची बटणं काढली. फळ्यावर मोठा चौकोन काढून तुम्ही म्हणालात, हा स्क्रीन. पुस्तकात मामाला पत्र लिहायचा धडा होता. तुम्ही म्हणालात, मामाला ई-मेल लिहा. आमच्यातल्या एकाच्याही मामाकडे ई-मेल नव्हता! तरी आम्ही पुठ्ठ्यावर बोटं बडवत मामांना काय काय लिहिलं.

आणि तुमचा तो प्रश्न. वर्तमानपत्रातली बातमी असो, इंटरनेटवरचं पान असो, नाहीतर वर्गातली चहाडी असो, तुमचं एकच. "हू सेज सो? कोण म्हणतं? त्याला कसं कळलं?" तुम्हाला वाटायचं आम्ही विचार करायला शिकतोय. आम्ही तर तोही प्रश्न एका सुरात म्हणायचो, मॅडम. हू सेज सो, हू सेज सो! पाढ्यांसारखा. आमच्याकडे शिकणं म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणणं. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला तर मास्तर चांगला.

तिथंच आपलं चुकलं. रागावू नका, पण आज म्हणतेच. तिथंच तुमचं चुकलं.

वर्गाचा मिळून एक ई-मेल काढलात तुम्ही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठ-दहा जणांना जीपमध्ये कोंबून घनसावंगीला रफिकभाईंच्या सायबर कॅफेत न्यायचात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेतली मुलं आपल्याला लिहायची, आपण त्यांना. पासवर्ड सगळ्यांना आला पाहिजे म्हणून तुम्ही तो स्पेलिंगसारखाच पाठ करून घेतलात. "एस यू एन सन, एफ एल ओ डब्ल्यू ई आर फ्लॉवर, सनफ्लॉवर म्हणजे सूर्यफूल!" काय ठेका होता त्याला! आम्ही तो वर्गात म्हणायचो, जीपमध्ये म्हणायचो, हापशावर पाणी भरताना म्हणायचो. शेळ्या राखणाऱ्या बायकासुद्धा आम्हाला बघून म्हणायच्या, "आल्या गं सनफ्लॉवर."

कुणालाच काही वाटलं नाही. कुलपाची किल्ली आपण गावभर गात फिरत होतो, आणि गाव ताल धरत होतं.

मग आपल्या खात्यात कुणीच न लिहिलेली पत्रं दिसू लागली. आधी नुसतीच अक्षरं, कुणी बटणं दाबून पाहिल्यासारखी. मग मुख्याध्यापकांच्या नावानं एक वात्रट ओळ. तुम्ही हसलात. म्हणालात, "चला, कुणीतरी सराव करतंय." खरंच कुणीतरी सराव करत होतं, मॅडम. पुढच्या पत्राला त्याचा हात बसला होता.

सहामाही झाली आणि एका सकाळी पिठाच्या गिरणीच्या दारावर कागद चिकटवलेला सापडला. इंग्रजीत, छापील. वर आपल्या वर्गाचा ई-मेल, खाली माझं नाव. कुणाला लिहिलंय ते नव्हतं, नुसतं 'माय डिअर'. बाकीचं इंग्रजी गावात फारसं कुणाला आलं नसतं, पण 'लव्ह' तेवढं सगळ्यांना वाचता येत होतं. माय दळण घेऊन गेली होती. ती दळण तिथंच टाकून परत आली आणि दार लावून घेतलं. नुसती माझ्याकडे बघत बसली. ते बघणं मला आजही सहन होत नाही.

मी रडून सांगितलं, मी नाही लिहिलं. थोरले काका, म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे मोठे भाऊ, ओसरीवरून म्हणाले, "हातानं लिव्हलेलं असतं तर म्हणलो असतो, कुणी खोडी केली. हे छापील हाये. छापील कागद खोटा बोलत न्हाई."

बरोबरच होतं त्यांचं! त्यांच्या आयुष्यात छापून आलेलं सगळं तलाठ्याकडून नाहीतर कोर्टाकडून आलेलं. त्याला 'कोण म्हणतं' असं विचारायची कुणाची छाती?

माझी शाळा बंद झाली. आठवड्याच्या आत शहागडकडचं स्थळ आलं. मुलगा ट्रकवर होता आणि माझ्याहून चांगला थोराड. लग्न बोर्डाच्या परीक्षेआधीच उरकायचं ठरलं. बाजूच्या खोलीत बोलणी चालायची आणि मी आतून ऐकायची. गावात सकाळ-संध्याकाळ नमस्कार करणाऱ्यांपैकी कुणीतरी एकानं हे केलं होतं, आणि तो रोज आमच्या दारावरून जात होता. कोण, हे कळत नव्हतं. पाण्याला जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाची मला भीती वाटायची. ज्यांनी मला कडेवर खेळवलं त्यांचीसुद्धा.

तुम्ही भर दुपारी आमच्या घरी आलात. छत्री दारात ठेवून ओसरीच्या कडेला बसलात. काकांनी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मॅडम, तुमच्या शिकवण्यानंच झालं हे," काका म्हणाले. "पोरीला कॉम्प्युटर कशाला लागून राह्यला होता?"

"हो, माझ्यामुळेच झालं," तुम्ही म्हणालात.

काकांना हे अपेक्षित नव्हतं. तुम्ही मग अण्णांकडे वळलात. "भाऊ, उद्या एकदा माझ्यासोबत घनसावंगीला चला. मंगलला घेऊन. त्यानंतर तुम्हाला जे करायचं ते करा, मी पुन्हा या दारात येणार नाही."

अण्णा कधीच जास्त बोलत नसत. खाली बघत म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये आपण तिघं आणि दहा परके. कॅफेत तुम्ही अण्णांना खुर्चीवर बसवलंत. अण्णांनी आधी हात धोतराला पुसले. ते पाचवीपर्यंत शिकलेले, एबीसीडी ओळखायचे, पण असल्या यंत्राला त्यांनी कधी बोट लावलेलं नव्हतं. आपल्या वर्गाचं नाव तुम्ही टाइप केलंत आणि मागं सरकलात.

"आता पुढचा शब्द तुम्ही टाका."

"मला कुठं येतो?"

"येतो तुम्हाला."

अण्णा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांचे ओठ हलले. शाळेच्या कुंपणाला लागूनच आमचं शेत. वखराची पाळी घालताना, निंदताना, पाणी देताना वर्षभर त्यांच्या कानावर तेच पडत होतं. पुटपुटत पुटपुटत एका बोटानं त्यांनी अक्षरं शोधली. एस. यू. एन. डब्ल्यू काही केल्या सापडेना, मी दाखवायला पुढं झाले तर तुम्ही माझा हात धरलात. त्यांनी तो स्वतःच शोधला. शेवटचं बटण दाबलं आणि वर्गाची सगळी पत्रं त्यांच्यासमोर उघडली.

अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. "म्हंजे हे मी बी लिव्हू शकलो असतो," ते म्हणाले. "मंगलचं नाव टाकून."

"हो."

"आन् ज्याला ज्याला ते गाणं येतं..."

"तो प्रत्येक जण," तुम्ही म्हणालात. रफिकभाईंना विचारून झालं होतं, पण त्यांच्याकडे दिवसाला इतकी माणसं बसायची की त्यांना कुणाचा चेहरा सांगता येईना.

त्या संध्याकाळी अण्णा पारावर गेले. जन्मात कधी चार माणसांत बोलले नव्हते. काका तिथंच होते, गिरणीवाला होता, सगळेच होते. अण्णांनी तो कागद मधे ठेवला आणि म्हणाले, "हे कुणी लिव्हलं मला ठावं न्हाई. मी बी असू शकतो. दादा, तुमी बी असू शकता. सनफ्लॉवरचं गाणं ज्याला येत न्हाई, त्यानं जल्दी उठून सांगा. मंग मी त्याला सोडून देतो."

कुणी उठलं नाही, मॅडम. हे मला नंतर मायनं सांगितलं. सगळ्या पारानं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकेक जण काहीतरी काम आठवून उठून गेला.

स्थळ परत गेलं. मी परीक्षेला बसले. इथवर गोष्ट सांगितली की माझ्या वर्गातल्या मुली टाळ्या वाजवतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही. त्या दिवसापासून गावाचं तुमच्यावरचं मन उडालं. माझ्यावर संशय घेताना गाव मजेत होतं. स्वतःवर यायला लागल्यावर ते कुणाला सोसवेना. जीपमध्ये तुमच्या शेजारी कुणी बसेना. पुठ्ठ्याचे कीबोर्ड कुणीतरी शाळेमागं जाळले. निकाल लागायच्या आत तुमची बदली झाली, आणि कॉम्प्युटरवर पुन्हा टेबलक्लॉथ पडला. तुम्ही गेलात, ते पत्र लिहिणारा मात्र इथंच राहिला. आज सकाळी बसस्टँडवर मला 'नमस्कार मॅडम' म्हणणाऱ्यांत तो असेल. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचा बापही असेल.

तुम्हाला माहीत होतं का हो, कोण ते? शेवटच्या आजारात भेटायला आले तेव्हा मी माझ्या मनातलं नाव तुमच्या कानात सांगितलं. तुम्हाला धाप लागत होती, तरी हसलात. म्हणालात, "हू सेज सो, मंगल?" इतका राग आला होता मला तुमचा! त्या नावासाठी माझ्याकडे पुरावा काय होता? काही नाही. पण मरतानासुद्धा माणसानं इतकं मास्तर असावं का?

आता आरतीचं ऐका. मेसेज तिच्या घरच्याच नंबरवरून गेलाय. छापील कागदाच्या जागी आता नंबर आला, एवढाच काय तो फरक. "नंबर बराबर त्यांचाच हाये" म्हटलं की विषय संपला! पण दिवसभर वीज नसते, आणि गावातले निम्मे मोबाईल चार्जिंगला किराणा दुकानात असतात, इन्व्हर्टरच्या वायरींना ओळीनं टांगलेले. आरतीच्या वडिलांचाही तिथंच असतो. मीठ घ्यायला आलेला माणूस कुणाचाही मोबाईल उचलतो, गेम खेळतो, ठेवून देतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आपल्याला नव्हतं वाटलं, तसंच.

उद्या आरतीला बघायला वाटूरहून पाहुणे येणार आहेत. त्यांच्या आधी तिच्या घरी जायचं ठरवलंय, ते काल अण्णांना सांगितलं. आता त्यांना नीट दिसत नाही. म्हणाले, "मी येतो संगं. दुकानात तिच्या बापाला उभा कर, म्हणावं उचल कोणता बी मोबाईल." त्यांना तुमचा धडा माझ्याहून चांगला येतो.

हे लिहितानाच माझा मोबाईल वाजला. आरतीच्या घरचा नंबर. एकच ओळ आहे, "मॅडम, उद्या घरी येऊ नका." खाली आरतीचं नाव.

मी उद्या जाणार आहे हे अण्णांशिवाय कुणाला माहीत नाही, असं मी धरून चालले होते. आम्ही बोललो ते ओसरीवर. आमच्या ओसरीवरचं बोलणं रस्त्यावर ऐकू जातं. कुणी लिहिलं असेल हे? घाबरलेल्या आरतीनं? तिच्या बापानं? की सरावलेल्या त्याच हातानं? खिडकीबाहेर रस्ता नेहमीसारखाच आहे. दोघं सायकल धरून बोलतायत. एकानं आत्ताच इकडं पाहिलं. मला भीती वाटतेय, मॅडम, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?

तरी तुम्हाला शब्द देते. पाहुणे यायच्या आत मी आरतीच्या दारात असेन. ते पाणी विचारोत न विचारोत, तिला समोर बसवून, 'येऊ नका' हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी परत फिरणार नाही. आणि ती तसं म्हणालीच, तर तिच्यामागं कोण उभं आहे तेही बघून घेईन.

तुमची,
मंगल

(अक्षर ओळखा. हे मीच लिहिलंय.)