गल्लीतल्या सतरा पाट्या

१ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्यानं लिहून ठेवावं, नाहीतर श्रेय भलताच घेऊन जातो.
आमची गल्ली दोनशे वर्षांची. दगडी फरशी, लाकडी सज्जे, कोरीव दारं. आणि त्या दारांवर इस्टेट एजंटांच्या पाट्या! ‘विकणे आहे.’ ‘त्वरित ताबा.’ एक तर चक्क जांभळी. काल मोजल्या. सतरा.
संकल्प : दोन महिन्यांत गल्ली पाटीमुक्त.
हिला सांगितलं. ही म्हणजे बायको. म्हणाली, आधी जिन्याला कठडा बसवून घ्या, मग गल्ली मुक्त करा. दृष्टी घरापुरती.

४ फेब्रुवारी
गल्ली बचाव समिती स्थापन. सभेला अकरा जण येणार होते. दोघे होतो. मी आणि कोपऱ्यावरचा घड्याळजी. तोही वीस मिनिटं उशिरा. मी एकमतानं अध्यक्ष.
मन भरून आलं. घर हिच्या वडिलांचं, हिच्याच नावावर. लग्नानंतर इथे राहायला आलो तेव्हा गल्ली मला घरजावई म्हणायची. आता अध्यक्ष म्हणते. (घड्याळजी म्हणाला. एकदा.)
ही चहा घेऊन वर आली. जिन्यात तीनदा थांबली. मी घड्याळजीला दाखवलं, इतका जुना जिना, पण एक पायरी हलत नाही. घड्याळजी हिच्या गुडघ्यांकडे बघत होता. लक्ष नाही माणसाचं.

७ फेब्रुवारी
वारसा जतन कार्यालयात तक्रार दिली. तिथला कारकून म्हणाला की पुरावा आणा. प्रत्येक घराचा पत्ता, फोटो, पाटीचं माप. त्याला वाटलं, म्हातारा परत येणार नाही. एकतीस वर्षं भूमापन खात्यात नकाशे काढलेत मी. बिचाऱ्याला कल्पना नाही.

१२ फेब्रुवारी
सर्वेक्षण जोरात. टेप, शिडी, वही. पाटीबरोबर घरही मोजतो. खोल्या किती, उजेड कुठून, भिंतीला ओल आहे का. अर्धवट काम मला जमत नाही. एजंटाचा फोन नंबर तर हवाच, शत्रूचा पत्ता माहीत असावा.
जनतेचा पाठिंबा अपेक्षेपेक्षा जास्त. घरमालक स्वतः आत बोलावतात, गच्ची दाखवतात, सरबत देतात. एकानं विचारलं, काका, तुम्हाला कितपत मोठं हवंय? प्रश्न कळला नाही.

१७ फेब्रुवारी
मुलीचा फोन. तिच्या इमारतीत तळमजल्यावर जागा रिकामी झाली आहे, दोघं या, म्हणाली. लोक गल्ली सोडून जातात म्हणून जो लढतोय त्यानंच सोडायची? मुलगी म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का?
विचारलं नाही. उत्तर माहीत असताना विचारण्यात वेळ घालवू नये.

२४ फेब्रुवारी
ही जिन्यात घसरली. चार पायऱ्या. हाड वाचलं, मुका मार आहे. डॉक्टरांनी बजावलं, जिना चढायचा नाही.
घाबरलो. खरंच घाबरलो. दुपारभर हिचा हात धरून बसलो होतो. हिनं भिंतीकडे तोंड करून विचारलं, तळमजल्याचं काय ठरवलंत? मी म्हटलं, आधी बरी हो.
संकल्प : उद्या सकाळी पहिलं काम सुतार.

२५ फेब्रुवारी
सुतार आला. म्हणाला, लोखंडी पाइप लावतो, तासात काम. दोनशे वर्षांच्या जिन्याला पाइप! कठडा मूळ शैलीतच हवा. परत पाठवला.
सध्या दोरी बांधली आहे. हिची खाट खाली हलवली. मी वरच झोपतो, कागद पसरलेले असतात.

३ मार्च
नोंदवही पूर्ण. सतरा घरं, सतरा नकाशे, फोटो, नंबर. शिवाय अठरावं आमचं, आदर्श म्हणून. ‘पाटी नसलेले घर कसे शोभते’ असं खाली लिहिलं. त्या नकाशाला चार दिवस लागले. कारकुनानं वजन बघूनच मान खाली घातली. म्हणाला, चौकात लावा, लोकांच्या हरकती मागवा.
चौकात मोठा फलक लावला. मथळा : ‘विद्रूप केलेली घरे’. व्हॉट्सॲपवरही टाकलं. घड्याळजी बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, इतकं सुंदर काढलंय की घर घ्यावंसं वाटतं. कौतुक करावं तर असं.

८ मार्च
फलकापुढे गर्दी! लोक फोटो काढतात, नंबर उतरवून घेतात. याला म्हणतात जनजागृती. एका जोडप्यानं विचारलं, सगळ्यात जास्त उजेड कुठे? मी म्हटलं, निःसंशय अठरा नंबर. पण ते विकाऊ नाही, ते तत्त्व आहे. बाई म्हणाली, तरी मालकाला विचारून बघू.
हसलो. मालक समोरच उभा होता.

१२ मार्च
पाच पाट्या गायब! घड्याळजी म्हणतो, घरं विकली गेली म्हणून काढल्या. म्हणे ना. माणसानं फळ बघावं, झाड कुणी हलवलं ते नाही.

१६ मार्च
सगळ्यात जास्त पाट्या ज्याच्या, तो एजंट घरी आला. फुलांचा गुच्छ घेऊन! म्हणाला, काका, आम्हाला दोन वर्षांत जमलं नाही ते तुम्ही दोन आठवड्यांत केलंत. लेखी द्यायला सांगितलं, लगेच दिलं : या गल्लीत यापुढे पाटी लावण्याची गरज नाही. शरणागतीची याहून स्पष्ट भाषा असेल?
जाताना हिच्याशी खाली अर्धा तास बोलत बसला. हिच्या तब्येतीची चौकशी करत असावा. मोठ्या मनाचा पराभूत.

२१ मार्च
पाट्या उरल्या दोन.
किरकोळ अडचणी : सात नंबरच्या नव्या मालकानं कोरीव दार काढून काचेचं बसवलं. तीन नंबरचा सज्जा पाडताहेत. ते आपल्या विषयात येत नाही. आपला विषय पाट्या.
वारसा कार्यालयाची नोटीस आली. गल्लीतला सर्वात मोठा विनापरवाना फलक चार दिवसांत काढावा. म्हणजे माझा. गाढवापुढे वाचली गीता.
घड्याळजीचा राजीनामा. दुकान विकलं त्यानं. नजरेला नजर देईना. आता समितीत मी एकटा. सभा मात्र वेळेवर सुरू होतात.

२५ मार्च
फलक काढताना वर बघितलं. एकही पाटी नाही. मुदतीच्या सहा दिवस आधी गल्ली मुक्त!
धावत घरी आलो हिला सांगायला. खाली ते उजेडवालं जोडपं बसलेलं. तो एजंटही. आणि मुलगी, न कळवता आलेली. ही खुर्चीत, नवी साडी नेसून. म्हणाली, घर दिलं मी यांना.
मी म्हटलं, मला विचारायचं तरी. ही म्हणाली, तुमचं उत्तर मला माहीत होतं.
फार वाईट वाटलं. घराचं वाटलं, आणि हिनं एकटीनं ठरवलं याचं त्याहून जास्त. मग ही हळूच म्हणाली की एजंटाला ताकीद दिली होती, दाराला पाटी लावायची नाही, आमच्या ह्यांना चालणार नाही. मुलीकडे तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तुम्ही येताय ना? की इथेच थांबायचंय?
येतो म्हणालो.
त्या बाईनं जिन्याचं विचारलं. तिचा नवरा म्हणाला, तो पहिल्यांदा काढून टाकू.

३० मार्च, दुपारी
खरेदीखतावर सह्या झाल्या. मालक म्हणून हिची. साक्षीदार म्हणून माझी. नावापुढे रकाना होता, मी ठसठशीत अक्षरात ‘अध्यक्ष’ लिहिलं.
हिनं कागद ओढून घेतला, चष्मा लावला, ते खोडलं आणि त्यावर ‘नवरा’ लिहिलं.