धुराड्यातलं उत्तर

आर्णी रस्ता, जिनिंगची खोली
९ जानेवारी २००५

ति. नलूताईस,
घनश्यामचा, दोन्ही पाय जमिनीवर असताना, नमस्कार. वि. वि.

तुझा चिवडा दोन दिवसांत संपला. अर्ध्याचे धनी माझे दोरावरचे जोडीदार खेमसिंगदादा. मोबाइल काहून लागत नाही म्हणून रागावलीस. इथं रेंज नाही. धुराड्याच्या टोकावर मिळते म्हणे, पण दोरावर फोन न्यायला मनाई आहे. तेव्हा मास्तरीणबाई, पत्रच वाच, आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नको.

कापसाचे हाल झाल्यापासून सरकी काढायचं हे जिनिंग बंद आहे. दीडशे फुटी धुराडं ठेवायचं की पाडायचं, ते मालकाला ठरवायचंय. मी आणि दादा दोन बाजूंनी दोरावर लोंबकळून हातोडीनं एकेक वीट वाजवतो. पक्की वीट खणखणते, कच्ची भद्द बोलते. आईला सांग, प्रत्येकाला दोन दोर असतात; एक तुटला तर दुसरा धरतो.

हे मात्र तिला सांगू नको. परवा भरदुपारी साठ फुटांवर वीट वाजवली आणि आतून कोणीतरी उलट वाजवली. दादा असेल म्हणून हाक मारली, तर तो खाली पाणी पीत होता. पुन्हा वाजवली, पुन्हा उत्तर. पारवे म्हणावं, तर या धुराड्यावर एक पाखरू बसत नाही. दादा म्हणाला, दोरावर ऐकलं ते दोरावरच सोडून द्याचं, खाली नाही आनाचं.

लोभ आहे तसाच ताणून धर. तो माझा तिसरा दोर.
घनश्याम

पुसद, १५ जानेवारी

चि. घनश्यामास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काम सोड म्हटलं तर तू सोडणार नाहीस, म्हणून म्हणत नाही.

चूक माझी झाली. पत्र शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या विमलताई आठवतात? नवऱ्यानं टाकलेली म्हणून लोक ज्यांना ओळखतात, त्या. जिनिंगचं नाव ऐकून त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. त्यांचे मालक, सदाशिवराव, तिथंच फिटर होते. अडतीस वर्षांपूर्वी जिनिंग विजेवर आलं. तेव्हा थंड पडलेल्या धुराड्याला लोखंडी टोपी बसवायला म्हणून घरातून गेले, ते आलेच नाहीत. थोरल्या दिरानं गावभर सांगितलं, बाई घेऊन पळाला. आणि यांनाही घराबाहेर काढलं.

त्यांनी मला एकच विचारलं, दोन ठोके, मग थांबून एक, असं वाजते काय? सदाशिवराव घरी आले की दार असंच वाजवत. तू नाही म्हणून कळव. खोटं असलं तरी चालेल.

माया तेवढीच, धाक दुप्पट.
तुझी ताई

जिनिंग, २१ जानेवारी

ति. ताई, सा. न.

खोटं लिहायला बसलो, जमलं नाही. दोन ठोके, मग थांबून एक. आणि मी तुला हे लिहिलंच नव्हतं.

पत्र दादाला वाचून दाखवलं. त्यानं दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, मी पयल्याच दिशी ऐकलं, तू भेशीन म्हून बोललो नाही.

धुराड्याला दोन भिंती असतात, मधे दीड हाताची फट. आतली भिंत टोकाच्या खालीच संपते. तिथं पाय सुटला तर माणूस भिंतींना घासत थेट फटीत. दादानं वर दोर सांभाळले, मी उतरलो. जसजसा खाली गेलो, तसा ठोका जवळ आला. साठ फुटांवर फट अरुंद होते. तिथं पाय टेकला आणि ठोका थांबला.

सदाशिवराव बसलेले होते, ताई. पायाची हाडं मोडलेली, हाताशी हातोडी. डोक्याशेजारच्या विटा वाटीएवढ्या खोल गेलेल्या. एवढं खोदायला दिवस लागतात. तेव्हा कापसाचा हंगाम होता, खाली यंत्रांचा धडधडाट. कोणाला ऐकू जाणार?

पोलिसांना कळवलंय. विमलताईंना सांग, पण हळू सांग.
तुझा घनश्याम

पुसद, २७ जानेवारी

चि. घनश्यामास आशीर्वाद.

तुझं पत्र आज हाती पडलं. सांगायला गेले तर विमलताईंच्या घराला कुलूप. शेजारच्या हंसाबाई म्हणाल्या, त्या तर कालच सकाळच्या गाडीनं गेल्या, मालक सापडले म्हणत होत्या. अरे, त्यांना सांगितलं कोणी? लगेच लिही. तू दोरावर आहेस तोवर मला घास गोड लागत नाही.
ताई

जिनिंग, ३० जानेवारी

ति. ताई, सा. न.

इथून कोणीच कळवलं नव्हतं, तरी विमलताई कोणाला वाट न विचारता फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पोलिसांनी अस्थी परवा दिल्या. विमलताईंनी थोरल्या दिराला बोलावणं धाडलं. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, येताच रडू लागला. त्या म्हणाल्या, रडू नका भाऊजी, अडतीस वर्सं म्या याले एकटीनं वाह्यलं, आता तुमी उचला.

गावातले चौघं पुढे झाले, तर त्यांनी हात आडवा धरला. नदीपर्यंत म्हातारा एकटा गाठोडं छातीशी धरून चालला, मागे सारं गाव. दोनदा तो खाली बसला. दोन्ही वेळा तो उठेपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या. हात दिला नाही.

नदीवर त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मी तवा जिनिंगवर चौकीदार होतो. जेवाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की मले ऐकू ये. भूत समजून भेलो, कोनाले बोललो नाही. सहाव्या दिशी आवाज बंद झाला, तवा समजलं तो कोन होता. आता कोन्या तोंडानं सांगू? म्हून गावात सांगतलं, पळाला.

विमलताई चार हातांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, ठाऊक नाही. बसमध्ये बसवताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हे पत्र पोचेल तोवर त्या तुझ्या शाळेत आलेल्या असतील. म्हातारा बोलला ते सांगायचं का, ते तू ठरव. माझ्यानं होत नाही.

त्यांना जवळ घे.
घनश्याम