केबिन अख्खी उतरली

आबा, तुमच्या ट्रकची केबिन मी खाली उतरवली. अख्खी. गॅस कटर लावला नाही, क्रेन आणली नाही. हे आधी सांगते, बाकीचं मागून. मला गोष्ट लांबवायला जमत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

तुम्ही गेल्यापासून गाडी आष्ट्याच्या घरामागं परड्यात उभीच होती. टायर बसले, पत्र्याला भोकं पडली, केबिनच्या लाकडी सांगाड्याला वाळवी लागली. आता धाकट्यानं घराचं काम काढलंय, त्याला परडं मोकळं हवं. फोनवर म्हणाला, "ताई, शुक्रवारी भंगारवाला येतोय. केबिन कापंल आन चासी वडून न्हील."

"माझ्या बापाची गाडी हाय ती," मी म्हटलं.

"माझा बी बापच हुता की त्यो! पर कुजलेली गाडी ठिवून काय लोणचं घालायचंय?"

कुपवाडला मी कामाला आहे त्या कारखान्याच्या शेजारी ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक म्हातारा सुतार आहे. त्याला मी आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, केबिन अख्खी आणलीस तर नवा सांगाडा बसवून देतो, कापून आणलीस तर हात लावणार नाही. हे धाकट्याला सांगितलं तर खो खो हसला. "मंग उतरव की. पर एकटीनं. कुणाला हाक मारायची न्हाई, कुणाचा हात लागाय नगं. उतरली तर गाडी तुझी, मी शबूद काढणार न्हाई. न्हाईतर शुक्रवारी कटर." मी म्हटलं, "बघून घे," आणि फोन ठेवला. त्याला वाटलं असणार, बाई चार दिवस तणतणंल आणि गप बसंल.

कारखान्यात जड माल साखळीच्या कप्पीनं उचलायचं काम मीच करते. मालकाला सांगून चाकांची लोखंडी कमान आणि कप्पी टेंपोतून आष्ट्याला आणली आणि कमानीचे सुटे भाग एकटीनं जोडून ती केबिनवर उभी केली. वायरी सोडल्या, स्टेअरिंग सोडलं, क्लचचा दांडा काढला. केबिन चासीला ज्या बोल्टांनी धरलेली असते ते गंजून एकजीव झाले होते. पहिल्याच बोल्टाला मी हातोडा उचलला, आणि तुम्ही आठवला.

मी परकरातली पोर आहे. तुम्ही गाडीखाली झोपलाय, मी पाने देतेय. एक नट सुटत नाही म्हणून मी त्याच्यावर हातोडी घालते आणि त्याची कड गुळगुळीत करून ठेवते. तुम्ही बाहेर येता, माझ्या हातातली हातोडी काढून घेता. "नटाशी भांडू नगंस. त्यो तुज्यापरीस हट्टी हाय. त्येला रॉकेल पाज, आपुन च्या पिऊ." त्या दिवशी तुमच्या बशीतला चहा मी रागानं प्यायले. परवा रॉकेल मिळेना, डिझेल पाजलं, चहा मात्र केला. दुपारपर्यंत सगळे बोल्ट निघाले.

कप्पी ओढली. केबिनची मागची बाजू उठली, पुढची उठेना. आणखी ओढली तर लाकूड कडकड वाजलं. माझ्या तोंडून शिवी गेली, ती लिहीत नाही. अजून एक झटका दिला असता तर केबिन उभी चिरली असती आणि भंगारवाल्याचं काम मीच केलं असतं. साखळी सैल सोडली आणि पायरीवर बसले. सगळं सोडलंय, मग धरलंय कशानं?

सगळं सोडलं नव्हतं. काचेखालच्या फळीवरच्या खंडोबाला मी हात लावला नव्हता. सकाळी काम सुरू करताना भंडारा वाहिला, उदबत्ती लावली आणि म्हटलं, देवा, तू बस, मी तुझ्या भोवतीनं काम करते. आपल्यात देव बसल्या जागेवरून उगाच कोण हलवतं? ते मला सुचलंसुद्धा नाही. आता त्या फळीखाली हात घातला तर मूर्तीच्या बैठकीतून खाली गेलेली एक लांबलचक सळई लागली. ती केबिनच्या तळातून आरपार खाली जात होती आणि चासीला नटानं आवळलेली होती. वरून ग्रीस, ग्रीसवर धूळ. कुणाला दिसणार?

मग खंबाटकी घाट आठवला. उतारावर ब्रेक दगा देतात, तुम्ही गाडी डोंगराकडच्या बाजूला घासत थांबवता आणि खंडोबा फळीवरून निसटून माझ्या मांडीत पडतो. आपल्या दोघांना ओरखडा नाही. पण तुमचा चेहरा पांढरा पडलाय, तुम्ही देवाकडंच बघताय. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणता, "केबिन उडून गेली तरी देव गाडीवर ऱ्हायला पायजे, आसं करतो आता." मला वाटलं बोलायची रीत आहे. तुम्ही खरंच लोहाराकडं गेला होता. आवं आबा, देवाला कुणी चासीला आवळतं व्हय?

देवापुढं पानसुपारी ठेवली, माफी मागितली, मूर्ती बैठकीवरून फिरवून सोडवली आणि पदरात घेऊन घरात पाटावर नेऊन बसवली. मग गाडीखाली शिरून तो नट सोडला. त्यालाही डिझेल पाजलं.

ह्या वेळी केबिन सरळ उठली. मी कमान ढकलत मागं नेली आणि केबिन जुन्या टायरांवर अलगद टेकवली. संध्याकाळी धाकटा शेतातून आला तेव्हा मी हात धूत होते. उघड्या चासीभोवती त्यानं एक फेरी मारली, केबिनभोवती दुसरी.

"कोन आलं हुतं मदतीला?"

"तुजा भंगारवाला."

"चेष्टा नगं, ताई. खरं सांग."

"एकटीनं काढली. शेजारणीला इचार."

त्यानं खरंच जाऊन विचारलं. परत आला, केबिनच्या दारावर थाप मारली आणि भंगारवाल्याला फोन लावला, येऊ नको म्हणून. सोमवारी केबिन सुताराकडं जाईल.

आता हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, त्याचं कारण सांगते. केबिन चासीवरून सुटली तेव्हा साखळीवर गरकन फिरली आणि माझ्या अंगावर आली. मी पाठीनं तटवली, ती थांबली. पण तेवढ्यात मी मोठ्यांदा ओरडले होते, "आबा, धरा!" शेजारणीच्या घरी गिरणी चालू होती, तिला ऐकू गेलं नाही. धाकट्याला कळलं तर तो म्हणेल, हाक मारलीस, पैज हरलीस.