तुमच्याबिगर झालेलं बारबेकू

॥ श्री मैलार मल्लण्णा प्रसन्न ॥

आपलं गाव, ता. २३ मे २००४

तीर्थस्वरूप नागराज अण्णास, धाकट्या बहिणीचा नवरा सिद्धराम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची तब्येत बरी असंल. पुण्याचं पाणी आणि तिथं रिक्षा चालविणं, दोन्ही मानवलं म्हणून तुम्ही बहिणीला कळविलं होतं. पोट किती सुटलंय ते मात्र कळविलं न्हाई, ते तुमच्याकडनं आलेल्या माणसांनी हातानं दाखविलं. इकडं समदे खुशाल. तुमची बहीण धनलक्ष्मी खुशाल, भाची प्रतीक्षा खुशाल, आणि माझी आई बाणूबाई तर इतकी खुशाल हाय की तिचा आवाज ऐकून कोंबड्या झाडावर चढून बसायल्यात. तुमचं अर्धं बांधलेलं घर बी खुशाल हाय (त्याच्याबद्दल पुढं येईल, आत्ताच काळजी करू नका).

पत्र लिहायचं कारण एकच. मागच्या जत्रेला आलाव तेव्हा जाताना तुम्ही पारावर चार माणसांत म्हणलाव की, माझ्याबिगर तुमच्यानं चूल बी पेटायची न्हाई. अण्णा, चूल पेटली. अशी पेटली की चार गावांनी धूर बघितला. फोनवरच सांगितलं असतं, पण डब्यात एक रुपाया टाकला की तुमचं हसणं संपायच्या आधी फोन कटतोय. म्हणून सविस्तर लिहायलोय. वाचून झाल्यावर कबूल करा की तुमच्याबिगर इथं काय अडत न्हाई.

तुम्हाला ठाऊकच हाय, आपल्या मल्हार युवक संघाचा मी अध्यक्ष हाय. (माझे पांढरे केस काढू नका मधी. जे खरे युवक होते ते तुमच्याकडं पुण्याला न्हाईतर हैदराबादला गेले. जो मागं ऱ्हायला तो युवक, असा आता नियम पडलाय.) या साली गावातल्या पाच-सहा पोरी सातवी पास झाल्या, त्यात आपली प्रतीक्षा पहिली. आठवीची शाळा चिटगुप्प्याला. आपल्या फाट्यावर बस येते ती शाळेत हजेरी घेऊन झाल्यावर. आईनं निकालाच्या दिवशीच पेढा खात खात सांगून टाकलं, बास झालं शिकणं, आता शेळ्यांमागं जाऊ द्या. पोरीनं सातवीची पुस्तकं शेजारच्या पोरीला देऊन टाकली, आठवीची कुणाकडनं तरी मागून आणली आणि उशाखाली ठेवली. अण्णा, ते बघून दोन दिवस नीट जेवलो न्हाई. मग संघाची बैठक बोलविली आणि ठरविलं की पोरींसाठी जुनी का हुईना, एक टमटम घ्यायचीच.

पैसे कुठनं आणायचे हा प्रश्न बालाजीनं सोडविला. बालाजी म्हणजे सुशीलाबाईचा पोरगा. हैदराबादला मोठ्या हॉटेलात होता, आता परत आलाय. (तिथं काय होता ते सांगत न्हाई. हाताची कातडी बघितल्यावर मी बी विचारायचं सोडलं.) तो म्हणाला, तिकडं मोठी माणसं बागेत धुरात उभी ऱ्हाऊन कोळशावर भाजलेलं मटण खातेत आणि वर भरपूर पैसे देतेत, त्याला बारबेकू म्हणतेत. मी म्हणलं, आरं येड्या, आपले वाडवडील मेंढरांमागं फिरताना हेच तर खात होते, त्यांना कुणी एक आणा दिला न्हाई. तर म्हणाला, त्याला नाव नव्हतं म्हणून दिला न्हाई. हे मला पटलं. घरात मात्र मी तोंड उघडलं न्हाई. आईला टमटमचा वास लागला असता तर तिनं तिथंच मोडता घातला असता, आणि तुमच्या बहिणीला सांगणं म्हणजे आईला सांगणंच की.

घोळ झाला तो नावानंच. पत्रकं छापली: "युवक संघाचे भव्य बारबेकू, रविवारी, सर्वांनी यावे." गावोगाव पुकारायला भीमण्णाला डायवरसकट भाड्याची जीप आणि भोंगा दिला. भीमण्णाची बोली कन्नड, आणि माणूस प्रामाणिक. त्याला वाटलं की छापणाऱ्यानं दोन शब्द चुकून चिकटविलेत. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या मनानं ते सोडविले, वर सगळं कन्नडमधी नीट बसविलं, आणि दोन दिवस भोंग्यावरनं घसा फोडून वरडत फिरला: "युवक संघक्के बार बेकू! एल्लरू बन्नी!" (पुण्यात ऱ्हाऊन कन्नड विसरला असाल म्हणून सांगतो. बेकू म्हणजे पाहिजे, आणि बन्नी म्हणजे या. युवक संघाला दारूचा बार पाहिजे, समद्यांनी या!) मी स्वतः ते पारावर बसून ऐकलं. पण मला काय म्हणायचंय ते आधीच ठाऊक असल्यामुळं मला बरोबरच ऐकू आलं. उलट बालाजीला म्हणलं, बघ, भीमण्णाचा आवाज कसा खणखणीत लागलाय.

आम्ही तयारीत गुंग. बोकडं कापून झाली, मसाला लागला. लिंबाखाली लांबलचक चर खणला आणि त्याला दोन्ही बाजूंनी लाल दगड लावले. (दगड कुठले ते विचारू नका. तुमच्या घराच्या पायाच्या कामातनं उरलेले होते, उगीच ऊन खात पडले होते.) चरावर टाकायला जाळी पाहिजे म्हणून बालाजीनं कुठनं तरी खिडकीचे जुने गज काढून आणले. कोळसा फुलला, मटण ठेवलं, आणि मग कळलं की त्या गजांना हिरवा तेलरंग होता. पहिल्या घाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर हिरवे पट्टे उठले. कुत्र्यांना टाकलं तर कुत्री वास घेऊन आमच्याच तोंडाकडं बघायली. मग बालाजी म्हणाला, दाजी, सळ्या पाहिजेत. सळ्या होत्या. (तुमच्या स्लॅबच्या. नुसत्या गंजत पडल्या होत्या, म्हणून म्हणलं जरा शेकून निघतील.) घासूनपुसून मटण ओवलं. पण अण्णा, स्लॅबची सळई पडली पिळाची. एकदा आत शिरलेला तुकडा बाहेर येईना. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बालाजी, अशी ओढाओढ चालली, आणि निघालेला तुकडा थेट तिसऱ्याच्या कपाळावर.

एवढ्यात देवळाकडनं गलका आला. बघतो तर गावातल्या समद्या बाया खराटे घेऊन चालून आलेल्या. पुढं माझी आई. तुमची बहीण दुसऱ्या रांगेत, हातात आमच्याच घरातला खराटा. माझ्या हातात सळई, अंगभर काजळी, खाली लुंगी. आई कडाडली, "मुडद्या, पोरीची शाळा बंद पडायलीय आन् बापाला बार पाहिजे व्हय रं?" मी म्हणलं, "आई, बार न्हाई गं, बारबेकू." "तेच की! वर तोंड करून बेकू म्हणायलास?" आणि खराटा पाठीत बसला. मी जितक्यांदा शब्द नीट सांगितला तितक्यांदा बसला. बालाजीनं मराठीत समजाविलं, कन्नडमधी समजाविलं, शेवटी हैदराबादी उर्दूत समजाविलं, तवा बायांना वाटलं ह्यो पिऊनच आलाय.

सोडविलं ते प्रतीक्षानं. ते पत्रक शेवटपर्यंत वाचलेली गावात ती एकटीच. गर्दीतनं पुढं आली आणि आजीचा हात धरून म्हणाली, "आजी, बार न्हाई, हे भाजलेलं मटण हाय. विकून आमच्या शाळेला गाडी आणायलेत. खाली बारीक अक्षरात लिवलंय." आईनं पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, सळईकडं बघितलं. मग एक तुकडा ओढून तोंडात टाकला, चावला आणि थुंकला. "वरनं जळालंय आन् आत अजून ब्यां करायलंय. एवढं मटण नासवायला निघालाव व्हय रं? सरका." खराटे लिंबाला टेकवून बायांनी पदर खोचले. तुकडे बारके केले, निखारा पसरला, एका बाजूला भाकरी सुरू झाल्या, लाल तिखटाचा ठसका पार फाट्यापर्यंत गेला. संघाला काम उरलं ते वारा घालायचं. ते आम्ही मन लावून केलं.

आता खरी गंमत ऐका. दुपार कलली तशी आजूबाजूच्या गावचे बाप्ये टेम्पो भरभरून यायले. धुतलेले सदरे, केसाला तेल. हळूच कानाशी येऊन विचारायचे, "बार कुठंय?" मी नुसतं बोट दाखवायचो. तिकडं बघितलं की चुलीपाशी बाया, आणि लिंबाला ओळीनं खराटे. कुणाची सोयरी, कुणाची चुलती, एकाची तर बायकोच होती, माहेरी आलेली. गड्याचा चेहराच उतरायचा. मग मोठ्यानं म्हणायचा, "आमी तर पोरींच्या शाळेसाठी आलाव!" आणि आपलं मन किती साफ हाय ते दाखवायला एकाच्या जागी चार कुपनं घ्यायचा. अण्णा, पुण्याच्या कुठल्या साहेबाला जमणार न्हाई असा खप झाला. दिवस मावळायच्या आत सळ्या मोकळ्या. किती जमले ते लिहीत न्हाई, तुम्ही हिशोब मागाल. पण टमटम आली. जुनी हाय, पण रंग धड हाय, आणि तुमच्या घरापुढं उभी हाय.

तर असं हाय बघा. चूल पेटली, बारबेकू झालं, गाडी बी आली. तुमच्याबिगर काय बी अडलं न्हाई. तुम्ही तिकडं सुखानं ऱ्हावा, पोटाला जपा.

तुमचा दाजी,
सिद्धराम

ता. क. धनलक्ष्मी म्हणायलीय की सळ्यांचं खरं काय ते लिहा. त्या जरा काळ्या पडल्यात आणि जरा वाकल्यात. पण बोकडाच्या चरबीनं आता जन्मात गंजणार न्हाईत. चरावर बांधलेली निळी ताडपत्री बी तुमचीच होती. होती म्हणजे, आता न्हाई.

आणखी एक. टमटम विकणाऱ्याच्याच ट्रॅक्टरला बांधून आणली, कारण इथं कुणाला चालविता येत न्हाई. मी एकदा बसलो आणि भीमण्णाच्या कडब्याच्या गंजीत शिरलो. भीमण्णा काय बोलला न्हाई, बेकू प्रकरणापासनं तो माझ्याशी बोलत न्हाई. बालाजी म्हणाला, माझ्याकडं बिल्ला हाय. बघितलं तर तो हॉटेलचा निघाला, वर लिहिलेलं: भांडी विभाग. सध्या मागच्या सीटवर आईची कोंबडी खुडूक बसलीय.

शेवटचं. पोरीला गाडीनं पाठवायला आई तयार झालीय. मी तिच्या पायाच पडणार होतो. पण तिची एक अट हाय. म्हणली, "परक्याच्या गाडीत पोरगी बसणार न्हाई. बोहल्यावर मामाच नेतोय का न्हाई? मग शाळेत बी मामानंच न्यावं. बोहल्याचं पुढं बघू." शाळा जूनच्या पयल्या आठवड्यात उघडायलीय. प्रतीक्षा रोज सांजच्याला टमटममधी जाऊन आठवीचं पुस्तक वाचत बसती, कोंबडीच्या शेजारी. डायवरची सीट तेवढी रोज पुसून ठेवती. अण्णा, दगड तुमचे घेतले, सळ्या तुमच्या घेतल्या, ताडपत्री तुमची गेली, बहीण तर आधीच आणलेली. तुमचं समदं वापरून झालं. आता तेवढे तुम्हीच ऱ्हायलाव.