भुताने बोलायचं नाही

१ मे २००४
माझ्या दहा मिनिटांच्या सिनेमाला अखेर भूत मिळालं. भाऊ. चाळीस वर्षं दशावतारात बायकांची कामं केली. दात गेले, 'स'ची शीळ व्हायला लागली, तशी कंपनीने बोलावणं बंद केलं. मला चालतंय. माझं भूत मुकंच आहे. पांढरं लुगडं, मोकळे केस, तुळशीमागे उभं राहायचं. झालं.

४ मे
शूटिंग दु. दोनला, कारण नितीनचा कॅमेरा संध्याकाळी लग्नाच्या मांडवात जातो. भिंगावर निळा जिलेटिन कागद लावून रात्र केली. भाऊ रंगायला बसले ते साडेचारला उठले. नथ, केसांत अबोलीचा वळेसार, जरीचं हिरवं लुगडं! म्हटलं, भाऊ, ती मेलीय.
"मेली म्हणान काय झाला? बायलमाणूस चार माणसांत येतला तर नीट येवक नको?"
दिवस फुकट.

५ मे
पांढऱ्यात आले, तोंड फुगवून. मग प्रश्न. तिचं नाव काय? कोणाच्या घरची? मेली कशी? मी लिहिलेलंच नाही. भुताला नाव कशाला? म्हणाले, दशावतारात कागद नसतो, पण नाव असतं. म्हटलं, तुम्हीच ठरवा आणि गप्प उभे राहा. इथेच माती खाल्ली.
कॅमेरा सुरू झाला नि भूत बोलायला लागलं. तेही कुंपणापाशी जमलेल्या वाडीकडे बघून. सहा मिनिटं! मी कट कट ओरडतोय, कोणाचं लक्ष नाही. शीळ ऐकून एकजणही हसला नाही. नितीन कॅमेरा बंद करायचं विसरला, गाढव.

९ मे
नि.च्या कॉम्प्युटरवर जोडणी. भाऊंचं बोलणं काढलं. उरला लुगडं नेसलेला एक म्हातारा. आई म्हणाली, ह्याला कोण घाबरणार? परत घातलं.
"माका बघून पळतास कित्याक? ह्या तुळशीक रोज पाणी कोण घाली, इसारलास?"
अंगावर काटा आला. मी न लिहिलेल्या वाक्याला. चीड आली नुसती.
एकूण चौदा मिनिटं. सिनेमा पाठवायचाय त्या पुण्याच्या स्पर्धेत दहाच्या वर गेलं की बाद.

१२ मे
भाऊ माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले.
"माझा बोलना ठेवलंस मा?"
हो म्हटलं, मशीनकडे बघत. तर म्हणे निवड झाली तर पुण्याला स्वतः येणार, कंपनीच्या मालकालाही आणणार. त्याला एकदा ऐकू दे, म्हणाले. आता काय डोंबल सांगू?

१४ मे
बोलणं कापून बघितलं. कुठेही कात्री लावा, बाई अर्धीच राहते. काढण्यासारखी चार मिनिटं आहेत ती सुरुवातीची. विहीर, रहाट, आपोआप उघडणारं दार. ते दार आपोआप उघडावं म्हणून, भूत मिळायच्याही आधी, आठ दिवस दोरी ओढत बसलो होतो मी. अख्ख्या सिनेमात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. ते काढलं तर दिग्दर्शक म्हणून नाव तरी कशाला लावायचं...

१५ मे
स्पर्धेला पाठवायचा शेवटचा दिवस. पोस्ट पाचला बंद. नि. सकाळपासून कॉम्प्युटरसमोर.
"कोणाक काढू? तुका, काय भाऊंक?"
म्हटलं, थांब, चहा घेऊन येतो.
साडेतीन झाले. चहा झाला. दुसरा सांगितलाय.